तारीख घेऊन या

आमचं घर नगर शहराजवळच्या केडगावात, पुणे रस्त्यापासून थोडं आत. शेत नेप्तीच्या शिवारात. नेप्तीला बाजार समितीचा कांद्याचा उपबाजार आहे. लहानपणापासून वडिलांची, म्हणजे आण्णांची, एक सवय मी पाहत आलो. कांदा कितीही मातीमोल गेला तरी हिशेबपट्टी खिशात पडल्याशिवाय ते आडत्याच्या गाळ्यावरून हलत नसत. गोण्या किती, वजन किती, भाव काय, हमाली-तोलाई किती, हे सगळं पट्टीवर असायचं. पैसे रोख मिळाले नाहीत तर चेकवर तारीख असायची. "भाव आपल्या हातात नाही, पट्टी मागणं आहे," असं ते म्हणायचे.

२०१९ साली वाहन उद्योगात मंदी आली. मी तेव्हा नागापूर एमआयडीसीतल्या एका लहान कारखान्यात क्वालिटी विभागात होतो. गाड्यांना लागणारे सुटे भाग आम्ही बनवायचो. आधी तिसरी पाळी बंद झाली, मग आठवड्यातले कामाचे दिवस कमी झाले आणि दिवाळीनंतर आम्हा अकरा जणांना घरी बसवलं. पुढच्या दहा महिन्यांत मी सुपा, रांजणगाव, चाकण अशा चौदा ठिकाणी मुलाखती दिल्या. मध्येच टाळेबंदी लागली, त्यामुळे त्यातल्या तीन मोबाइलच्या पडद्यावर झाल्या. चौदापैकी नऊ ठिकाणांहून होकारही आला नाही, नकारही आला नाही.

पहिल्या मुलाखतीहून परत आलो तेव्हा आण्णा ओट्यावर बसले होते.

"काय म्हणले?"

"कळवतो म्हणले."

"कधी?"

"ते नाही सांगितलं."

आण्णा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे पट्टी न घेता आलास की रे."

त्या वाक्याचा अर्थ मला पुरता कळायला आणखी बऱ्याच मुलाखती जाव्या लागल्या. पुढे नोकरी लागली आणि २०२२ पासून मी मुलाखत घेणाऱ्यांच्या बाजूलाही बसतो. टेबलाच्या दोन्ही बाजूंनी जे समजलं ते इथे क्रमाने मांडतो. केडगावच्या भूषणनगर, शाहूनगर, अंबिकानगरातून सकाळी कंपन्यांच्या बस भरून जातात. त्या बसमध्ये ज्यांना अजून जागा मिळायची आहे, त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे.

१. तारीख घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका

मुलाखत संपत आली की समोरचे विचारतात, "तुम्हाला काही विचारायचंय?" आपली मुलं मान हलवून "नाही सर" म्हणतात आणि उठतात. मीही तेच करत होतो. विचारलं तर आगाऊपणा वाटेल, अशी भीती होती. आज त्या बाजूला बसून सांगतो, असं काही वाटत नाही. उलट या माणसाला कामाची आखणी समजते, असं वाटतं.

प्रश्न साधा ठेवा. "सर, यापुढची पायरी काय असेल आणि साधारण कोणत्या तारखेपर्यंत कळेल?" बहुतेक वेळा उत्तर मोघम येतं. "पुढच्या आठवड्यात बघू." तिथे थांबू नका. शांतपणे म्हणा, "म्हणजे शुक्रवारपर्यंत धरतो. तोवर निरोप आला नाही तर शनिवारी मी एक फोन केला तर चालेल ना?" समोरचा माणूस हो म्हणतो. नाही म्हणणारा मला आजवर भेटला नाही.

या एका 'हो'ने पुढचं सगळं सोपं होतं. शनिवारचा फोन आता त्रास देणारा राहत नाही, तो ठरलेला फोन असतो. तुमचा संकोच जातो आणि त्यांनाही टाळणं जड जातं. ज्या नऊ ठिकाणांहून मला काहीच उत्तर आलं नाही, त्यातल्या सात ठिकाणी मी तारीख मागितली नव्हती.

२. पाठपुरावा कुणाकडे करायचा, ते गेटबाहेर पडण्याआधी लिहून घ्या

बऱ्याच कारखान्यांत मोबाइल गेटवर जमा करून घेतात. म्हणून खिशात लहान डायरी आणि पेन हवंच. मुलाखत कुणी घेतली, त्यांचं पद काय, एचआरमधून समन्वय कोण करतंय, त्यांचा नंबर आणि ईमेल, हे सगळं बाहेर पडण्याआधी डायरीत यायला हवं. नावाचं स्पेलिंग विचारून घ्या. चुकलेल्या नावाचा मेल वाचणाऱ्याच्या मनात आधीच एक पायरी खाली उतरतो.

तुम्हाला पाठवलं कुणी, हेही महत्त्वाचं. कन्सल्टन्सीमार्फत गेला असाल तर पहिला फोन कन्सल्टन्सीतल्या माणसाला करायचा, कारण कंपनीचा त्याच्याशी व्यवहार ठरलेला असतो. त्याला डावलून थेट एचआरला गाठलं की दोघेही नाराज होतात. मात्र तो दोनदा फोन उचलत नसेल तर एचआरला मेल करून "अमुक कन्सल्टन्सीमार्फत आलो होतो" एवढं लिहायला हरकत नाही. आणि जागा कंपनीच्या रोलवरची की कंत्राटदाराकडची, हे त्याच दिवशी विचारा. कंत्राटदाराकडची असेल तर निर्णय कळवणारा माणूसच वेगळा असतो. चुकीच्या दारावर महिनाभर थाप मारत बसण्यात अर्थ नाही.

३. त्याच संध्याकाळी चार ओळी पाठवा, आणि त्यातली एक ओळ फक्त तुम्हालाच लिहिता येईल अशी असू द्या

नुसत्या "थँक यू सर, वेटिंग फॉर युवर पॉझिटिव्ह रिप्लाय" या मेलचा काही उपयोग होत नाही. तसे मेल आता मलाही येतात आणि कोणता कुणाचा, हे लक्षात राहत नाही.

जानेवारी २०२० मध्ये रांजणगावला मुलाखत होती. विभागप्रमुखांनी मला मोजमाप पद्धतीवर प्रश्न विचारला. गेज आर अँड आर, म्हणजे मोजमाप पद्धतीमुळेच येणारा फरक, किती टक्क्यांपर्यंत चालतो? मी घाईत "३० टक्के" म्हणून मोकळा झालो. परतीच्या एसटीत शिरूरजवळ लक्षात आलं की उत्तर अर्धंच होतं. घरी आल्यावर मेल लिहिला:

"आज मुलाखतीसाठी वेळ दिलात, त्याबद्दल आभारी आहे. गेज आर अँड आरच्या प्रश्नाला मी अपुरं उत्तर दिलं. १० टक्क्यांच्या आत असेल तर मोजमाप पद्धत स्वीकारण्याजोगी. १० ते ३० टक्के असेल तर कामाचं महत्त्व आणि गेजचा खर्च पाहून सशर्त. ३० टक्क्यांच्या वर असेल तर स्वीकारता येत नाही. आपण सांगितल्याप्रमाणे ३० तारखेपर्यंत निरोपाची वाट पाहतो."

या मेलने ती नोकरी मला मिळाली नाही. पण या मेलची गोष्ट इथे संपत नाही, पुढे सांगतो. तोवर एवढं लक्षात ठेवा की मुलाखतीत अडखळलेलं उत्तर त्याच दिवशी दुरुस्त करता येतं. काम चुकलं तर लपवायचं नाही, लगेच सांगून दुरुस्त करायचं, हा क्वालिटीच्या कामाचा पहिला नियम आहे. मेलमध्ये तोच दिसतो.

भाषेचं फार दडपण घेऊ नका. कंपनीचा कारभार इंग्रजीत असेल तर साध्या, लहान इंग्रजी वाक्यांत लिहा आणि पाठवण्याआधी कुणाकडून तरी वाचून घ्या. इंटरनेटवरून उचललेला अलंकारिक मजकूर पहिल्या ओळीतच ओळखू येतो.

४. गप्प राहणं म्हणजे नकारच, असं समजू नका

ही गोष्ट मला टेबलाच्या पलीकडे बसल्यावरच कळली. बाहेर बसलेल्याला वाटतं की मुलाखत झाली त्याच दिवशी निर्णय झाला आणि मुद्दाम सांगत नाहीत. आत घडतं ते वेगळंच.

एका जागेसाठी आम्ही पाच-सहा जणांना भेटतो. दोघं-तिघं योग्य वाटतात. पहिल्याला ऑफर जाते. तो आधीच्या कंपनीत असतो आणि त्याचा नोटीस पिरियड महिन्याचा, कधी दोन महिन्यांचा असतो. तो खरंच येईल का, की ऑफर लेटर दाखवून जुन्या कंपनीकडून पगार वाढवून घेईल, हे जॉइनिंगच्या दिवसापर्यंत कळत नाही. म्हणून दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला कुणी "नाही" सांगत नाही. आणि जागा रिकामी नाही म्हणून "हो"ही सांगता येत नाही. तो दुसरा माणूस घरी बसून समजतो की आपण नापास झालो.

आणखीही कारणं असतात. पगाराच्या आकड्याला मुख्य कार्यालयाची मंजुरी हवी असते. प्लँट हेड दौऱ्यावर असतात. ग्राहकाचं ऑडिट लागतं आणि पंधरा दिवस सगळा कारखाना त्यात बुडतो. जी ऑर्डर गृहीत धरून जागा काढली ती ऑर्डरच पुढे ढकलली जाते. यातलं काहीही तुमच्या लायकीशी संबंधित नाही.

म्हणून पहिल्याच शांततेवर स्वतःला नापास ठरवू नका. जो दुसऱ्या क्रमांकावर आहे आणि नेमका योग्य दिवशी विचारणा करतो, त्याचं नाव अशा वेळी आधी आठवतं. आमच्याकडे दोन नेमणुका अशाच झाल्या. पहिल्या उमेदवाराने ऐनवेळी येणं रद्द केलं आणि त्याच आठवड्यात दुसऱ्याचा मेल आलेला होता.

५. पाठपुराव्याला वेळापत्रक लावा

मनात आलं की फोन करायचा आणि भीती वाटली की आठवडाभर गप्प बसायचं, असं मी सुरुवातीला करायचो. मग डायरीत पान आखलं. प्रत्येक कंपनीला एक पान: मुलाखतीची तारीख, कळवण्याची तारीख, मी केलेले फोन आणि मेल, मिळालेलं उत्तर. क्रम असा ठरवला:

मुलाखतीच्या संध्याकाळी आभाराचा मेल. त्यांनी दिलेल्या तारखेपर्यंत पूर्ण शांत. तारीख उलटली की पुढच्या कामाच्या दिवशी पहिली विचारणा. नवी तारीख मिळाली तर तिच्यापर्यंत पुन्हा शांत. न मिळाली तर आठ दिवसांनी दुसरी विचारणा. त्यानंतर पंधरा दिवसांनी शेवटचा मेल आणि पान बंद. मुलाखतीत तारीख मिळालीच नसेल तर सात कामाचे दिवस मोजायचे.

शेवटचा मेल मी असा लिहायचो: "या जागेचा निर्णय झाला असल्यास कृपया कळवावे. पुढे माझ्या अनुभवाशी जुळणारी जागा निघाल्यास माझा बायोडेटा विचारात घ्यावा, ही विनंती." त्यात तक्रार नको, टोमणा नको. एमआयडीसीचं जग लहान आहे. आज सुप्यात असलेला एचआर उद्या रांजणगावात असतो.

कोणत्या दिवशी विचारायचं, यालाही हिशेब आहे. पगार महिन्याच्या ७ तारखेच्या आत करायचा असतो, म्हणून पहिला आठवडा एचआर विभाग हजेरी आणि ओव्हरटाइमच्या आकडेमोडीत असतो. लहान कंपन्यांत पगार आणि भरती एकच माणूस पाहतो. महिन्याचे शेवटचे तीन-चार दिवस उत्पादनवाले डिस्पॅचमध्ये अडकलेले असतात. मधले दिवस बरे. वेळ सकाळी ११ नंतरची किंवा दुपारी चारच्या सुमाराची. साप्ताहिक सुट्टी रविवारीच असते असंही धरू नका. पिंपरी-चिंचवड भागातल्या अनेक कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. मी दोन गुरुवार चुकीच्या जागी फोन लावत बसलो होतो.

६. फोन, मेल आणि व्हॉट्सॲप यांची कामं वेगळी आहेत

मेल म्हणजे नोंद. तारीख, जागेचं नाव, कागदपत्रं, ठरलेला पगार, हे सगळं मेलवर. फोन म्हणजे उत्तर मिळवण्यासाठी. व्हॉट्सॲप त्यांनी आधी वापरलं असेल तरच आपण वापरायचं.

फोनवर पहिल्या दहा सेकंदांत तुम्ही कोण, हे कळलं पाहिजे. "ओळखलं का मॅडम?" असं विचारू नका. त्यांनी त्या आठवड्यात पन्नास जणांशी बोलणं केलेलं असतं. असं म्हणा: "नमस्कार मॅडम, मी अमुक, केडगावहून बोलतोय. १२ तारखेला क्वालिटी इंजिनिअरच्या जागेसाठी मुलाखतीला आलो होतो. आपण कालपर्यंत कळवतो म्हणाला होतात. दोन मिनिटं बोलू का?" त्या घाईत असतील तर विचारा, "कधी फोन करू?" पुन्हा तारीख, पुन्हा वेळ.

फोन उचलला नाही तर लागोपाठ करू नका. एकदा करा, उचलला नाही तर तीन ओळींचा संदेश पाठवा. "हाय सर" एवढंच लिहून उत्तराची वाट पाहत बसू नका. जे विचारायचं ते पहिल्याच संदेशात लिहा. निळ्या खुणा पाहून मनाने गोष्टी रचू नका. मीटिंगमध्ये बसून वाचलेला संदेश बाहेर आल्यावर विसरला जातो. मीही विसरतो आणि पुन्हा आठवण करून देणाऱ्याचा मला राग येत नाही.

७. लाचारी नको, आणि खोटं तर मुळीच नको

फेब्रुवारी २०२० मध्ये माझा धीर सुटला होता. कुणीतरी सल्ला दिला की दुसरीकडची ऑफर आहे असं सांगितलं की पटकन निर्णय घेतात. चाकणच्या एका कंपनीला मी तसं सांगितलं. एचआरच्या बाईंनी शांतपणे विचारलं, "ठीक आहे, त्या ऑफरचा मेल पाठवा, आम्ही पगार जुळवतो." माझ्याकडे पाठवायला काही नव्हतं. त्यानंतर त्यांचा फोन आला नाही आणि मी करूही शकलो नाही. खरंच ऑफर हातात असेल तर जरूर सांगा, उत्तर कोणत्या तारखेपर्यंत द्यायचं तेही सांगा. नसेल तर नाही.

लाचारीचंही तसंच. "सर, घरची परिस्थिती फार वाईट आहे, काहीतरी करा," असं मी एकदा बोललो. ते खरं होतं. पण समोरच्या माणसाच्या हातात त्यावर काहीच नव्हतं. तो अवघडला आणि पुढे माझे फोन टाळू लागला. दया आली म्हणून तो मला जागा देऊ शकत नव्हता. काम येतं म्हणून देऊ शकला असता. पाठपुराव्यात कामाचं बोला: कोणत्या तारखेपासून येऊ शकता, तिन्ही पाळ्या चालतील का, केडगावहून येण्याजाण्याची सोय काय. त्यांना निर्णय घ्यायला हेच उपयोगी पडतं.

८. पैसे मागणारा फोन कंपनीचा नसतो

जो वाट पाहत असतो त्याला फोन आल्याचा आनंदच इतका होतो की तो प्रश्न विचारायचं विसरतो. फसवणारे नेमके हेच हेरतात. टाळेबंदीत आमच्या भागातल्या एका मुलाला "तुमची निवड झाली" असा संदेश आला. युनिफॉर्म आणि मेडिकलचे म्हणून २,५०० रुपये ऑनलाइन भरायला सांगितले. त्याने भरले. दुसऱ्या दिवशी नंबर बंद.

निवडीसाठी, ऑफर लेटरसाठी, गेटपाससाठी पैसे मागणारा कुणीही असो, तिथेच थांबा. मेल कंपनीच्या स्वतःच्या पत्त्यावरून आला आहे की फुकटच्या खात्यावरून, ते पाहा. शंका आली तर डायरीतल्या जुन्या नंबरवर फोन करून खात्री करा. दुसऱ्या मुद्द्यात सांगितलेली डायरी इथेही कामी येते. खरा माणूस आणि खरा नंबर तुमच्याकडे लिहिलेला असेल तर खोटा लगेच उघडा पडतो. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता जास्त.

९. आपला पत्ता आणि कागद आधीच सरळ करून ठेवा

केडगावं दोन आहेत. एक आपलं, नगर शहराला लागून असलेलं. दुसरं पुणे जिल्ह्यात दौंड तालुक्यातलं, पुणे-दौंड रेल्वेमार्गावरचं. एका कंपनीने माझं पत्र तिकडे पाठवलं, कारण बायोडेटात मी नुसतं "केडगाव" लिहिलं होतं. ते पत्र मला मिळालंच नाही, आणि मी विचारणा केली नसती तर ते पाठवलं होतं हेही कळलं नसतं. तेव्हापासून मी तालुका, जिल्हा आणि ४१४००५ हा पिनकोड कधी सोडत नाही.

२०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. अनेकांच्या आधार कार्डावर, गुणपत्रिकांवर अजून अहमदनगर आहे. बाहेरच्या राज्यातून कागद तपासणाऱ्याला हे दोन जिल्हे वाटू शकतात. अर्जात "अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर)" असं लिहिलं की पुढचा एक प्रश्न वाचतो.

तिसरी गोष्ट पीएफची. हल्ली नोकरीचा अनुभव पीएफच्या नोंदींवरून पडताळतात. जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरली नसेल तर तुम्ही अजून तिथेच काम करता असं दिसतं आणि निवड होऊनही कागद अडकतो. शेवटच्या वर्गणीला दोन महिने झाले की ती तारीख यूएएन (पीएफचा सार्वत्रिक खाते क्रमांक) वापरून आपल्यालाही नोंदवता येते. मुलाखतीआधी हे तपासून ठेवा. कारण "कळवतो" म्हणून गप्प बसलेली कंपनी कधी कधी तुमच्याच एखाद्या कागदासाठी थांबलेली असते.

१०. नकार आला तर आभार माना आणि एकच प्रश्न विचारा

रांजणगावच्या त्या विभागप्रमुखांचा फेब्रुवारीत मेल आला. जागा दुसऱ्याला दिली होती. मी उत्तर लिहिलं: "स्पष्ट कळवल्याबद्दल आभारी आहे. मी कुठे कमी पडलो हे सांगितलंत तर पुढे उपयोग होईल." दोन दिवसांनी त्यांनी लिहिलं की प्लास्टिक मोल्डिंगचा अनुभव असलेला माणूस त्यांना हवा होता, बाकी अडचण काही नव्हती. शेवटी एक ओळ होती: "तुमचा गेजवरचा मेल आवडला."

ऑगस्टमध्ये कारखाने पुन्हा वेग घेऊ लागले. परराज्यांतले अनेक कामगार परतले नव्हते आणि माणसांची टंचाई होती. त्या विभागप्रमुखांना माल पुरवणाऱ्या, सुपा परिसरातल्या एका कंपनीला इन्स्पेक्शनसाठी माणूस हवा होता. त्यांनी सहा महिन्यांपूर्वीचा माझा मेल शोधून बायोडेटा पुढे पाठवला. सप्टेंबर २०२० मध्ये मी तिथे रुजू झालो.

कारण विचारताना वाद घालायचा नाही, हे मात्र पक्कं ठेवा. "माझ्यापेक्षा त्याच्यात काय जास्त होतं?" असा सूर लागला की दार बंद होतं.

११. घरच्यांनाही तारीख सांगा

केडगावात कोण घरी बसलंय हे गल्लीला दोन दिवसांत कळतं. कंपनीची बस येते, सगळे चढतात आणि तुम्ही त्यात नसता. मग रोज तोच प्रश्न: "लागलं का काम?" आई कुणासमोर बोलायची नाही, पण केडगावच्या देवीला जाऊन यायची आणि माझ्या हातावर प्रसाद ठेवून काही न विचारता आत जायची. ते न विचारणं मला जास्त लागायचं.

मग मी घरी सांगायला लागलो. "सुप्याचं २० तारखेला कळेल. तोवर विचारू नका. २१ला मीच सांगतो." घरातला ताण निम्मा झाला. वाट पाहायला हद्द असली की माणूस तग धरतो. आणि त्या मधल्या दिवसांत पुढचा अर्ज करायचाच, हाही नियम ठेवला. एका जागेच्या उत्तरासाठी दुसरा शोध थांबवणं ही माझी सर्वांत महागडी चूक होती. डिसेंबर २०१९चा पूर्ण महिना मी एका होकाराच्या भरवशावर घालवला.

१२. टेबलाच्या पलीकडे गेलात की हे विसरू नका

सरकारी भरतीत निकाल लागतो, प्रतीक्षा यादी लागते, २००५च्या माहिती अधिकार कायद्याखाली गुणही विचारता येतात. खासगी कंपनीने मुलाखतीला बोलावलेल्या माणसाला उत्तर द्यावंच, असा कायदा आपल्याकडे नाही. कॅनडातल्या ओंटारियो प्रांताने तो केला. १ जानेवारी २०२६ पासून तिथे २५ किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीला, जाहीर केलेल्या जागेसाठी मुलाखत दिलेल्या उमेदवाराला शेवटच्या मुलाखतीपासून ४५ दिवसांत निर्णय झाला की नाही हे कळवावं लागतं. म्हणजे हे करता येण्यासारखं आहे.

आमच्या विभागात आम्ही कायद्याची वाट पाहिली नाही. मुलाखत झाली की उमेदवाराला तारीख सांगतो. दर शनिवारी दुपारी मी यादी घेऊन बसतो आणि ज्यांचं ठरलं त्यांना दोन ओळींचा मेल पाठवतो. ज्यांचं ठरलं नाही त्यांना नवी तारीख कळवतो. आठवड्याला अर्धा तास लागतो, त्याहून जास्त कधी लागला नाही.

माझी विनंती दोघांना आहे. मुलाखतीला जाणाऱ्या मुलामुलींनो, काम कराल आणि मोबदला घ्याल, हा सरळ व्यवहार आहे. त्यात तारीख विचारायला लाजू नका. आणि मुलाखत घेणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनो, तुमच्यासमोर बसलेला मुलगा कामरगावचा घाट ओलांडून, एक दिवसाचा रोजगार बुडवून, इस्त्रीचा एकुलता शर्ट घालून आलेला असतो. त्याला नोकरी देणं प्रत्येक वेळी तुमच्या हातात नसेल. उत्तर देणं असतं. तेवढं द्या.